कोठीवाल्यांची शहानिशा

मझौलीच्या पलीकडच्या त्या गावात भय्यासाहेब कोठीवाले आयुष्यात तीन वेळा खरं बोलले असं लोक सांगत, आणि त्यातल्या दोन वेळांबद्दल अजून वाद होता. त्यांच्या विहिरीतल्या माशाने एकदा बैलाचा कासरा ओढून नेला होता, बैलासकट. त्यांच्या आजोळच्या आंब्याची सावली इतकी दाट, की तिच्यात वाळत घातलेलं धोतर तीन वर्षं ओलंच राहिलं, शेवटी त्यात शेवाळ धरलं. गावातले पटेल, लोधी, गोंड, सगळे त्यांना दाऊ म्हणत. काम संपलं की कोणीतरी विडी पुढे करून म्हणे, "दाऊ, हो जाए एकाध." मग दाऊंना थांबवणं देवाच्याही हातात नसे.

पण सगळ्यात गाजलेली गोष्ट कुलपाची. मराठ्यांच्या अमलात या घराण्यातले अंबादासपंत सरकारी धान्याच्या कोठीचे किल्लीदार होते. नागपूरहून हुकूम आला, ताबडतोब निघा. पंत घोड्यावर बसले, शिवनीपर्यंत गेले, आणि मनात आलं, कुलूप लागलं होतं ना? परत आले, ओढून पाहिलं. लागलेलं. पुन्हा निघाले, पुन्हा शिवनी, पुन्हा शंका. असं सात वेळा. भय्यासाहेबांच्या तरुणपणी ही फेरी तीनच वेळा व्हायची, वयाबरोबर वाढत गेली. सातव्या खेपेला घोडा मेला. तेवढ्यात तिकडे लढाई जुंपली आणि वेळेवर पोचलेले सगळे कापले गेले.

"म्हणून आज आम्ही आहोत," भय्यासाहेब छातीवर हात ठेवून म्हणत. "कोठीवाल्यांचं रक्तच शहानिशेचं. एकदा पाहून आमचं भागत नाही."

त्यामुळे त्यांचा मुलगा अनुपम लहानपणी शाळेच्या वाटेवरून चार-चार वेळा दार पाहायला परत यायचा, तेव्हा घरात कोणी रागावलं नाही. भय्यासाहेब तर पाहुण्यांना बोलावून दाखवायचे. पाहा, आमचे अंबादासपंत पुन्हा आले.

आता अनुपम छत्तीस वर्षांचा होता.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. लवकरचा मटार टाकायचा तर हेच दिवस. अडीच एकरांच्या तुकड्यात मजूरीण सुखरती आणि तिच्या टोळीतल्या पाच बायकांनी सकाळपासून नांगराच्या तासातासात बी टाकून माती लोटली होती. भय्यासाहेब जेवण करून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आले, तेव्हा सहाही बायका हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि अनुपम पहिल्या तासात गुडघ्यांवर बसून खुरप्याने बी उकरून काढत होता. एकेक दाणा बोटांनी पुसायचा, घमेल्यात टाकायचा. ओठ हलत होते. बियाला लावलेल्या औषधाने बोटं गुलाबी झाली होती आणि ती तो शरीरापासून लांब धरत होता, जसं काही दुसऱ्याचे हात वागवतोय.

"दाऊ," सुखरती म्हणाली, "हमने तो सूधे डार दए थे. भैया काय खों उखाड़ रए?"

"अरी, बीज को नींद नहीं आ रही थी. भैया करवट बदलवा रहे हैं."

बायका हसल्या. अनुपम हसला नाही.

"बाबा, एक कमी येऊन राहिलं."

"काय कमी?"

"दाणा. मी मोजून दिले होते या तासाला. एक कुठं गेला? विषारी औषध आहे त्याच्यावर. सुखरतीच्या पाण्याच्या डब्यात पडला असला तर? तिचा नातू त्याच डब्यातलं पिते."

"नाही पडला."

"तुम्ही पाहिलं?"

"पाहिलं न. चिमणीनं नेला, माझ्या डोळ्यादेखत."

चिमणी भय्यासाहेबांनी जागेवर घडवली होती. पण अनुपमचे खांदे उतरले. चेहरा असा सैल झाला, जसा ओझं उतरवलेल्या हमालाचा होतो. एक श्वास, दुसरा श्वास. तिसऱ्याला त्याने मान वर केली.

"चिमणी मेली असन तर? मरून कोणाच्या पिठात पडली असन तर?"

तीन दिवसांत त्याने अर्ध्याहून जास्त तुकडा उकरला. ओलीने फुगलेलं, पांढरी टोकं फुटलेलं बी घमेल्याघमेल्याने उन्हात पडून सुकलं. गुडघ्यांची कातडी गेली, तिथे जुनं फडकं बांधून तो पुन्हा बसला. चौथ्या दिवशी सुखरती कामावर आली नाही. भय्यासाहेब तिच्या वस्तीवर गेले, तर ती दारातून उठलीसुद्धा नाही.

"दाऊ, तीस बरस तुमाए खेत में काम करो. अब गिन रए कि हमने बीज चुरा लओ? ऊपर से नाती के आँगे हाथ खुलवा-खुलवा के देखो हमाओ."

भय्यासाहेब आल्या पावली परत फिरले.

घरी सून क्षमा भाकरी थापत होती. सागरच्या जुन्या मराठी घरातली मुलगी, कमी बोलायची. सासू विनताबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून अनुपमचे प्रश्न झेलायचं काम तिच्याकडे आलं होतं.

"बाबा, मी फोनवर सगळं वाचून राहिली. हे रक्तबिक्त काही नाही. आजार आहे, नाव आहे त्याला. जबलपूरला ओमती भागात डॉक्टर आहेत याच्या."

"वेड्यांच्या?"

"मनाच्या."

"कोठीवाल्यांच्या घरातून आजवर कोणी त्या दारात गेलं नाही."

"जायला पाहिजे होतं," क्षमा म्हणाली आणि भाकरी उलटली. "दिवसाला दोनशे वेळा मी नाही म्हणते. कोणी मेलं नाही, कोणी मरणार नाही, मी पाहिलं, मी नक्की पाहिलं. मुलं व्हायच्या दिवसांत मी हे करत बसली, बाबा."

भय्यासाहेबांनी यावर मधला मार्ग काढला. मधला मार्ग म्हणजे आपल्याला सोयीचा. भेडाघाटला एक महाराज बसत, त्यांच्या नुसत्या नजरेने म्हणे रेल्वेतल्या एका साहेबाची मूळव्याध गेली होती. संगमरवर घासणाऱ्या यंत्रांची घरघर आणि पांढरी धूळ यांच्यामधून बापलेक खाली घाटावर गेले. महाराजांनी ऐकून घेतलं, डोळे मिटले, उघडले.

"मन चंचल है. नर्मदा में घुटने तक खड़े होकर एक सौ आठ बार नाम लो. बस इतना ध्यान रहे, बीच में मन भटके तो फिर पहले से."

भय्यासाहेब निर्धास्त होऊन वर चहा प्यायला गेले. तासाभराने पाहिलं, अनुपम पाण्यात. दुपारी पाहिलं, पाण्यात. चौदापर्यंत जायचा, मान झटकायचा, पुन्हा एक. एकदा त्रेसष्टापर्यंत गेला आणि चौसष्टावर कोणीतरी शिंकलं. दिवस मावळायला भय्यासाहेबांनी त्याला हाताला धरून बाहेर ओढलं, तर तो म्हणाला, अर्धवट सोडलं आणि तुम्हाला काही झालं तर? दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरला. तिसऱ्या दिवशी ओठ फुटून रक्त आलं, पायांची कातडी भिजलेल्या कागदासारखी निघायला लागली, आणि महाराज स्वतः पायऱ्या उतरून आले. हात जोडून म्हणाले, "दाऊजी, इनको ले जाइए. मेरे बाकी भक्त डर रहे हैं."

ही गोष्ट भय्यासाहेबांनी गावात कधीच कोणाला सांगितली नाही. खरी होती ना.

डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली, दिवाळी उरकल्यावर. क्षमाने फोन केला, क्षमाने तारीख घेतली, क्षमानेच पहाटेच्या गाडीत जागा धरली. ओमतीतला दवाखाना एका नळ-पाइपांच्या दुकानावर होता. बावीस पायऱ्या. त्या चढायला अनुपमला पाऊण तास लागला, कारण खाली एका म्हातारीला आपला धक्का लागून ती पडली तर नाही ना, हे पाहायला तो पुन्हापुन्हा रस्त्यावर जात होता. म्हातारी संत्री विकत बसली होती. शेवटी तीच ओरडली, "भैया, लेना है तो लो, नईं तो जाओ, काए घूर रए हो?"

वर बाकावर भय्यासाहेब मफलरने तोंड झाकून बसले. समोर आणखी एक मफलर बसला होता. दोघांनी एकमेकांना ओळखलं, तो मझौलीच्या बाजारातला बियाणंवाला होता, आणि दोघांनी एकाच वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला सुरुवात केली.

डॉक्टरीणबाई वयाने क्षमाएवढ्या. सर्दी झालेली, टेबलावर गरम पाण्याचा थर्मास. त्यांनी अनुपमशी एकट्याशी खूप वेळ बोलून मग या दोघांना आत घेतलं.

"इसका नाम ओसीडी है. पागलपन नहीं है. अनुपम जी को पता है कि डर फ़िज़ूल है, फिर भी डर मानता नहीं. यही तकलीफ़ है." मग अनुपमकडे वळून, "कब से है, इनको बता दीजिए."

"ग्यारह साल का था, तब से."

"पच्चीस वर्षं?" भय्यासाहेब म्हणाले. "अरे, मग बोलला काहून नाही कधी?"

अनुपम आपल्या बोटांकडे पाहत होता. "बोलून काय होतं, बाबा. तुम्ही खुश व्हायचे."

डॉक्टरीणबाईंनी नाक पुसलं. "परिवार में और किसी को ऐसा रहा?"

ही जागा भय्यासाहेबांच्या सवयीची होती. त्यांनी मफलर सोडला, खुर्ची पुढे ओढली, आणि अंबादासपंतांना घोड्यावर बसवलं. हिंदीत ती गोष्ट आणखीच रंगायची. शिवनी आली, कुलूप आलं, सातही फेऱ्या हातवाऱ्यांसकट झाल्या, घोडा मेला. बाई हसल्या नाहीत. त्या कागदावर लिहून घेत होत्या. भय्यासाहेबांच्या आठवणीत ही गोष्ट ऐकून कोणी लिहून घेतली नव्हती. आणि लिहून घेताना बाईंचा चेहरा असा, जसा तापाचा आकडा लिहिताना असावा.

"और? आपके पिताजी?"

"पिताजी तो... कुएँ में गिर गए थे. पानी खींच रहे थे, रस्सी टूट गई."

बाईंनी तेही लिहिलं.

रस्सी तुटली नव्हती. रामराव कोठीवाले दिवसभर विहिरीत डोकावायचे. काम टाकून यायचे, काठावर पोट टेकवून खाली पाहायचे, आणि जो दिसेल त्याला विचारायचे, "कोणी पडलं नाही ना रे?" लोक म्हणत, नाही रामराव, कोणी नाही पडलं. ते जायचे, पुन्हा यायचे. वैशाखातल्या एका दुपारी अकरा वर्षांचा भय्या काठावर एकटा कैरी खात बसला होता. वडिलांनी विचारलं. त्याने नाही सांगितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. असं किती वेळा झालं कोण जाणे, आणि मग त्याला गंमत सुचली. "पडलं," तो म्हणाला, "एक पोरगं पडलं आत्ताच."

रामरावांना पोहता येत नव्हतं.

दोरी तुटल्याची गोष्ट भय्याने संध्याकाळपर्यंत रचली, हुंदके देत देत चांगली सांगितली, आणि साऱ्या गावाने मानली. त्या दिवसापासून पंचावन्न वर्षं ते सांगतच होते. मासा, आंबा, कुलूप. एकामागून एक, मध्ये फट राहू द्यायची नाही.

"सुन रहे हैं दाऊजी?" बाई विचारत होत्या. "गोली रोज़. धीरे-धीरे बढ़ाएँगे. दो-ढाई महीने लगेंगे असर दिखने में, शुरू में जी मिचलाएगा, बंद नहीं करनी है. हफ़्ते में एक दिन यहाँ आना है, डर के सामने बिना जाँचे बैठने का अभ्यास होगा. और घर का काम आप दोनों का. ये पूछेंगे, किसी को कुछ हुआ तो नहीं? आप जवाब नहीं देंगे. हमने मिलकर तय किया है, इनकी मंज़ूरी से."

अनुपमने मान हलवली.

"एक बार भी नहीं?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"एक जवाब से दो मिनट का आराम मिलता है. फिर बीमारी और बड़ा सवाल लेकर लौटती है. आप जवाब देते हैं, वह मोटी होती है."

"और ठीक हो जाएगा?"

"कम होगा. बहुत लोगों का बहुत कम होता है. जड़ से चला जाएगा, यह मैं नहीं कहूँगी."

गोळ्या सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस अनुपम सकाळी उठून ओकायचा आणि दुपारी बसल्या जागी झोपायचा. उकरलेल्या तुकड्यात उशिराचा गहू टाकला, तो भय्यासाहेबांनी स्वतः, ट्रॅक्टरवाल्याच्या हातापाया पडून. उरलेला मटार, एक एकरभर असेल, आपला आपण वाढत राहिला.

क्षमाने मात्र व्रत घेतल्यासारखं धरलं. अनुपम चुलीपाशी येऊन उभा राहायचा. "क्षमा, मघा मी पीठ चाळलं, माझे हात धुतलेले होते ना? कोणाला काही होणार नाही ना?" ती कणीक तिंबत राहायची. तो दारात बसायचा, कपाळ चौकटीवर टेकवायचा. "एकदाच सांग. तुझ्या पाया पडतो." कणकेवर तिची बोटं पांढरी व्हायची, इतकी ती दाबायची. अर्धा तास, पाऊण तास. मग तो उठून जायचा. महिन्याभरात त्याने तिला विचारणं जवळजवळ सोडलं. ओमतीच्या गाडीत तिने पहिल्यांदाच खिडकीबाहेर पाहून काहीतरी गुणगुणलं.

तिला हे ठाऊक नव्हतं, की चुलीपासून उठलेला अनुपम गोठ्यात जातो.

गोठ्यात भय्यासाहेब असत. पहिल्या दिवशी तो आला, गव्हाणीला धरून उभा राहिला. "बाबा, कोणाला काही झालं नाही ना?" भय्यासाहेबांनी दहा मोजले. वीस मोजले. पोराच्या कपाळावर पौषातल्या थंडीत घाम. आणि त्यांना दिसलं ते पोर नव्हतंच. विहिरीच्या काठावर पोट टेकवून विचारणारे वडील दिसले, आणि तोंडातून निघून गेलं, "नाही रे राजा. कोणाला काही नाही झालं. जा."

एकदा दिलं. मग दिवसातून चारदा दिलं. मग चाळीसदा. मधुमेहवाल्याला चोरून गूळ द्यावा तसं, इकडेतिकडे पाहून, हलक्या आवाजात. कधी नुसतं 'नाही' पुरायचं नाही, तेव्हा पुरावे जोडून द्यायचे. सुखरतीचा नातू आत्ताच गोट्या खेळताना पाहिला, तीन गोट्या जिंकला, त्यातली एक हिरवी. अनुपम हिरवी गोटी घेऊन जायचा आणि दहा मिनिटांनी परत यायचा.

जानेवारीतल्या एका भेटीत डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं, आणि अनुपमला खोटं बोलण्याची भीती वाटत असल्याने त्याने खरं सांगितलं. बाबा बता देते हैं.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि म्हणाल्या, दवा अपना काम कर रही होगी, पर अभ्यास हम शून्य से शुरू करेंगे. मग त्यांनी अनुपमला बाहेर बसवलं आणि क्षमाशी दार लोटून बोलल्या.

परतीची गाडी सिहोऱ्याला आली. अनुपम पुढच्या बाकावर डोळे मिटून होता.

"काय म्हणत होत्या बाई?" भय्यासाहेबांनी शेवटी विचारलं.

"फवाऱ्याची औषधं कुलपात ठेवा म्हणाल्या. किल्ली माझ्यापाशी." ती समोरच पाहत होती. "त्यांनी यांना विचारलं, मरून जावं असं वाटते का. हे म्हणाले, रोज वाटते. मग म्हणाले, पण मेल्यावर नीट मेलो का नाही, हे पाहता येणार नाही, म्हणून थांबलो."

भय्यासाहेबांना हसू आलं. ते त्यांनी खोकून झाकलं.

"बाबा, तुम्हाला दया येते, मला येत नाही काय? मी सहा वर्षं दया करूनच त्यांना इथपर्यंत आणलं. तुम्ही त्यांना मारून राहिले. गोड बोलून मारून राहिले."

गाडीत बाजूला दोन पोती कोबी घेऊन बसलेला माणूस मान वळवून पाहू लागला. भय्यासाहेबांनी मफलर वर घेतला.

मटार तोडणीला आला. सुखरती आली ती क्षमामुळे. क्षमा तिच्या वस्तीवर जाऊन, ओसरीवर बसून, सगळ्या बायकांच्या देखत सरळ बोलली होती. भैया बीमार हैं, दिमाग की बीमारी है, इलाज चल रहा है. तुम पर शक कभी नहीं था. सुखरती म्हणाली, "तो पैलें काय नईं कई, बिन्ना?"

सकाळी दव इतकं होतं की वेलांना हात लावला की कोपरापर्यंत बाही भिजे. बायका ओळीने वाकल्या. दोन शेंगा टोपलीत, एक तोंडात, अशी तोडणी सगळीकडे चालते, त्याला कोणी हरकत घेत नाही. कोवळा मटार कचकच चावल्याचा आवाज शेतभर होता. भय्यासाहेब धुऱ्यावर पोत्यावर बसून टोपल्या रिकाम्या करून घेत होते. क्षमा वेलांत होती.

अनुपम शेताच्या कडेने चालत होता. बायकांच्या तोंडांकडे पाहत होता. एकदा तो सुखरतीजवळ गेला, हात तिच्या ओठांपर्यंत नेला आणि मागे घेतला. मग पळत धुऱ्यावर आला.

"बाबा, फवारा मारून तेवीस दिवस झाले. तेवीस पुरे असतात ना?"

भय्यासाहेबांनी टोपली उलटी केली.

"त्या धुवून खाऊन नाही राहिल्या. बाबा. कोणाला काही होणार नाही ना?"

उत्तर तयार होतं. एक नाही, पाच तयार होती, एकाहून एक सरस. शेतकी खात्याचा एक साहेब होता, त्याने फवाऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी पायलीभर मटार खाल्ला आणि नव्वद वर्षं जगला. जिभेच्या टोकावर तो साहेब येऊन उभा राहिला, टोपी घालून. भय्यासाहेबांनी ओठ मिटले. ते मिटेनात. पंचावन्न वर्षांची सवय, ओठ आपोआप उघडू लागले.

तेव्हा त्यांनी समोरच्या ढिगातून मूठभर शेंगा घेतल्या, एक फोडली, दाणे तोंडात टाकले. दुसरी फोडली, टाकले. तोंड भरून टाकलं, बोलायला जागाच उरू नये इतकं. दाढा दोनच राहिल्या होत्या, तोंडातून हिरवा रस हनुवटीवर आला.

"बाबा, थुका."

ते चावत राहिले.

"थुका म्हणतो ना!" अनुपम त्यांच्यावर वाकला. एका हाताने त्याने वडिलांची मान धरली आणि दुसऱ्या हाताची बोटं त्यांच्या ओठांत घातली, गाईच्या तोंडातून पिशवी काढतात तशी. हिरड्यांना नखं लागली. पगडी मातीत पडली. बायका उभ्या राहिल्या. क्षमा दोन पावलं धावली आणि वेलांतच थांबली, दोन्ही हात पदरात गुंडाळून.

"दाऊ," सुखरती म्हणाली, "कछू तो बोलो, दाऊ. लड़का मर जै है."

भय्यासाहेबांनी गिळलं.

अनुपम तिथेच खाली बसला. मग पुढे सरकला आणि त्याने आपला कान वडिलांच्या पोटावर ठेवला. तो ऐकत होता. बंडीतून त्याचा कान बर्फासारखा लागत होता. "मळमळते का?" त्याने विचारलं. "जळजळते? बाबा, बोलू नका, नुसती मान हलवा. एकदाच. हो का नाही."

भय्यासाहेबांनी मान ताठ ठेवली. मान हलू नये म्हणून दूरच्या एका विजेच्या खांबाकडे नजर लावली. त्यांच्या पोटाशी पोराचं डोकं टेकलेलं होतं. केस विरळ झाले होते, मध्ये मध्ये पांढरे. हे केव्हा झालं, त्यांनी पाहिलं नव्हतं.

त्यांचा उजवा हात उचलला गेला, त्या डोक्यावर ठेवायला. आणि वाटेतच थांबला. बाईंनी बोलू नका म्हटलं होतं. डोक्यावरून हात फिरवला तर ते उत्तर धरतात की नाही? हे विचारायचं राहूनच गेलं होतं. ठेवला आणि ते उत्तर ठरलं तर? नाही ठेवला, आणि पोराला वाटलं तर?

सुखरतीने क्षमाकडे पाहिलं. क्षमा खाली वाकली आणि शेंगा तोडू लागली. एकेक करून बाकीच्या बायकाही वाकल्या.

धुऱ्यावर भय्यासाहेबांचा हात पोराच्या डोक्यापासून वीतभर वर तसाच राहिला. दुखायला लागला, तरी त्यांनी तो खाली ठेवला नाही की मागे घेतला नाही.